१८० ग्रॅमचा भाव : ऐकण्याच्या खोलीच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५

वाचनालयाच्या माडीवरची मागची खोली एकदाची 'ऐकण्याची खोली' म्हणून मंजूर झाली. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात गाणं ऐकणाऱ्यांची वाण नाही, पण रेकॉर्ड लावून, कव्हर हातात धरून निवांत ऐकायला जागा नव्हती. यंत्राची सोय देणगीतून झाली: टेक्निक्सचं एसएल-१२०० टर्नटेबल, जुनं, पण मोटर ठणठणीत. पिन तेवढी नवी घातली, ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई. अ‍ॅम्प आणि स्पीकर सध्या उसने.

घरोघरच्या रेकॉर्डी यायला लागल्या आहेत. नाट्यसंगीत, ख्याल, कोकणी गाणी, एका घरातून तर फादोचा, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांचा, अख्खा गठ्ठा. नव्या घ्यायला समितीने वेगळी रक्कम ठेवली आहे आणि पेच तिथेच पडला. खजिनदार म्हणाले, "घ्यायच्या तर १८० ग्रॅमच्याच घ्या. वर तसा स्टिकर असतो. जाड माल, टिकेलही आणि वाजेलही." कार्यवाहबाईंचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत साध्या वजनाच्या जास्त येतील, लोकांना गाणी हवीत, प्लास्टिक नको. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. पावसाळा सरेपर्यंत मोजूनमापून काय ते सांगा, तोवर मोठी खरेदी बंद. म्हणून ही वही.

माझा कल लपवत नाही. वजन छापून विकलेल्या मालाबद्दल मला आधी संशयच येतो. पण खजिनदार हिशेबाचे पक्के. त्यांच्यापुढे 'मला असं वाटतं' चालायचं नाही.

१९ एप्रिल

वजनं केली. किराण्याच्या काट्यावर भागणार नव्हतं, म्हणून दुपारच्या रिकाम्या वेळी बाजारातल्या सोनारकाकांच्या पेढीवर गेलो. त्यांच्या काट्याला चारी बाजूंनी काचेची झाकणं, बारा इंची एलपी आत मावेना. काकांनी झाकणं काढली, पारड्यावर चांदीची रिकामी डबी पालथी घातली, पंखा बंद केला, काटा शून्यावर आणला आणि डबीवर रेकॉर्ड आडवी ठेवली. शेवटचा आकडा स्थिर होईपर्यंत स्वतः श्वास रोखून बसले होते.

साध्या देशी एलपी, बहुतेक सत्तरीच्या दशकातल्या, १२० ते १४० ग्रॅमच्या मधे भरल्या. पन्नाशीच्या शेवटची एक परदेशी निघाली १७२ ग्रॅम; तिच्यावर कसला स्टिकर नाही की फुशारकी नाही. आरसीए कंपनीची एक 'डायनाफ्लेक्स' नावाची पातळ रेकॉर्ड मात्र ९६ ग्रॅमच. कडेला धरून हलवली की लवलवते. आणि ज्यांच्यावर १८० छापलंय त्या तीन भरल्या १७४, १८३ आणि १९१. काका म्हणाले, "सोन्यात एवढी तूट-वाढ चालवली तर दुसऱ्या दिवशी पेढीला टाळं." मी म्हटलं, इथे तूट-वाढ झाली तरी गिऱ्हाइकाला कळत नाही, कारण काटा तुमच्याकडे.

शेवटी गंमत म्हणून दहा इंची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची रेकॉर्ड ठेवली. आकाराने एलपीहून लहान, तरी २००च्या वर. वजनानेच आवाज सुधारत असता तर ७८ समोर एलपीने तोंड उघडायला नको होतं. एडिसनची १९१२ सालची डायमंड डिस्क तर पाव इंच जाडीची असायची.

२० एप्रिल

कालच्या ९६ ग्रॅमच्या रेकॉर्डवर थोडं लिहून ठेवतो, कारण वजनाच्या वेडाचं मूळ तिथे आहे असं माझं मत.

एलपी १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणली. तेव्हापासून साठीपर्यंतच्या रेकॉर्डी बऱ्यापैकी जाड असायच्या. मग कंपन्या कच्च्या मालात काटकसर करायला लागल्या. डायनाफ्लेक्स तर आरसीएने सुधारणा म्हणून बाजारात आणली होती. १९७३ला तेल पेटलं. रेकॉर्डीचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, त्याचा बराचसा कच्चा माल तेलातून येतो. ते महागलं, मिळेनासं झालं. रेकॉर्डी आणखी पातळ झाल्या, आणि त्याचबरोबर जुन्या रेकॉर्डी दळून, कधी कधी लेबलच्या कागदाच्या कणांसकट, पुन्हा छापायला घ्यायचं प्रमाण वाढलं. छापायचा वेगही वाढवला. त्या काळच्या रेकॉर्डी करकरतात ते त्या भेसळीमुळे आणि घाईमुळे. पण गिऱ्हाइकाच्या हाताला लागला तो पातळपणा, आणि दोष त्याच्या माथी बसला. पुढे पुनर्मुद्रणवाल्यांनी नेमकं त्याच्या उलट टोक पकडलं: जाड म्हणजे चोख.

२७ एप्रिल

जाडीचा हिशेब. बारा इंची रेकॉर्डचं क्षेत्रफळ साधारण ७१० चौरस सेंटिमीटर. रेकॉर्डच्या पीव्हीसीची घनता १.३७ धरली तर १४० ग्रॅमची सरासरी जाडी येते १.४४ मिलिमीटर, १८० ग्रॅमची १.८५. म्हणजे ज्याच्यासाठी हजार-बाराशे जास्त मोजायचे तो फरक ०.४ मिलिमीटर.

गॅरेजवाल्या पोराकडून मायक्रोमीटर आणून पडताळलं. खाचांच्या भागात आकडा हिशेबापेक्षा थोडा कमी येतो. ते बरोबरच आहे. लेबलजवळ आणि कडेला रेकॉर्ड मुद्दाम फुगीर ठेवतात, कारण पन्नाशीच्या दशकात चेंजरवर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या यंत्रावर, रेकॉर्डी एकमेकींवर पडायच्या आणि खाचा खाचांना घासू नयेत म्हणून हा घाट आला. चेंजर गेले, घाट राहिला.

आता मुख्य मुद्दा. खाच वरून जेमतेम ५० मायक्रॉन रुंद आणि खोली त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात. ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. ती खाच रेकॉर्डवर कोरत नाहीत. आधी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर चढवलेल्या लॅकरच्या थरात कोरतात, त्यावरून निकेलचे साचे काढतात, आणि त्यातला शेवटचा साचा, म्हणजे स्टँपर, मग गरम पीव्हीसीच्या गोळ्यावर दाबतात. स्टँपर तोच. गोळा १४० ग्रॅमचा घातला काय नि १८०चा घातला काय, खाच तेवढीच खोल आणि तेवढीच रुंद उमटणार. वरच्या अडीच-तीन शतांश मिलिमीटरमध्ये सगळं गाणं. खाली उरतो तो नुसता पाट.

खजिनदारांना हे सोप्यावर बसून समजावलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "पाट भक्कम असला तर पोळी नीट लाटली जाते की नाही?" प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर पुढे.

४ मे

पाटाच्या भक्कमपणाचं. जड रेकॉर्डमुळे फिरण्यात स्थिरता येते असं म्हणतात. आमच्या टेक्निक्सचा प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, रबरी मॅटसकट दोन किलोच्या घरात. त्यात ४० ग्रॅमची भर म्हणजे दोन टक्के. क्वार्ट्झच्या तालावर चालणाऱ्या मोटरला त्याचा पत्ताही लागत नसणार.

दुसरी बाजू टोनआर्मची, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याची. रेकॉर्ड जाड झाली की पिन वर उचलली जाते आणि तिचा खाचेशी असलेला कोन बदलतो. इंटरनेटवर यावरून हमरीतुमरी चालते. नऊ इंची आर्मला एक अंश कोन बदलायला सुमारे चार मिलिमीटर उंची बदलावी लागते. आपला फरक ०.४ मिलिमीटर, म्हणजे एक दशांश अंश. पिन हाताने बसवताना त्याहून मोठी चूक सहज होते. एसएल-१२०० ला आर्मची उंची फिरवून बदलायची सोय आहे, शून्य ते सहा मिलिमीटर, म्हणून करून बघितलं. ०.४ ने वर, ०.४ ने खाली. मला फरक कळला नाही, कार्यवाहबाईंनाही नाही. ज्यांच्या यंत्राला ही सोय नाही त्यांनी यापायी झोप घालवू नये.

१३ मे

ऊन मी म्हणतंय. वास्कोहून एका गृहस्थांनी प्रेमाने रेकॉर्डींचं खोकं गाडीच्या डिकीतून पाठवलं. वाटेत गाडी दुपारभर उघड्यावर उभी राहिली. गोव्यात हवेचं तापमान चौतीसच्या आसपास, पण बंद गाडीच्या आत साठ ओलांडायला वेळ लागत नाही, आणि पीव्हीसी नरम पडायला लागतं ते त्याच सुमाराला. खोकं उघडलं तर वरच्या थरातल्या रेकॉर्डी पापडासारख्या. त्यात एक १८०ची, बाकी साध्या.

यातून शिकण्यासारखं निघालं. पट्टीची ताठरता जाडीच्या घनाने वाढते. १८० भागिले १४०, त्याचा घन केला तर दोनच्या थोडं वर. म्हणजे जाड रेकॉर्ड वाकवायला दुप्पट जोर लागतो. फळीवर तिरकी टेकून राहिली किंवा कुणी वर ओझं ठेवलं तर जाड रेकॉर्ड जास्त दम धरेल, हे खरं आहे आणि खजिनदारांच्या बाजूने लिहून ठेवतो. पण उष्णतेने एकदा वाकली की तीच ताठरता आडवी येते. साध्या वजनाच्या दोन रेकॉर्डी मधल्या खुंटीवर (स्पिंडलवर) वजनी क्लॅम्प ठेवताच बऱ्याचशा सपाट झाल्या आणि वाजल्या. १८०ची क्लॅम्पला दाद देईना. पिन चढावर चढते आणि उतारावर अधांतरी राहते.

छापखान्यातही हेच. साधी एलपी छापायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुरतात. जाड गोळा थंड व्हायला जास्त वेळ लागतो. तो दिला नाही, गरम रेकॉर्ड घाईने काढून कव्हरात घातली, की ती बशीसारखी होते. चांगला छापखाना तो वेळ देतो. म्हणजे पुन्हा प्रश्न छापखान्याचा.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. खोलीत आर्द्रता मोजली: ८८ टक्के. सोप्यावर वाळत घातलेलं पायपुसणं तिसऱ्या दिवशीही ओलं.

कव्हरांचा वास बदलायला लागला आहे. यावर वेगळी नोंद लागेल.

१ जून

मेस्त (सुतार) आला फळ्या बघायला. मी त्याला हिशेब दिला: एक मीटरच्या फळीवर पावणेतीनशे-तीनशे एलपी मावतात, कव्हरासकट प्रत्येकी पाव किलो धरली तर सत्तर किलो. सगळ्या १८०च्या घेतल्या तर वर आणखी बारा किलो. तो प्लायवूडच्या फळीवर तळहात दाबत म्हणाला, "फळी बांकतली, बाब." दर चाळीस सेंटिमीटरवर उभा आधार आणि फणसाच्या लाकडाच्या फळ्या ठरल्या. उभ्या आधारांचा फायदा दुहेरी, रेकॉर्डी तिरक्या होत नाहीत. जाड रेकॉर्डीने जे साधायचं ते इथे फळीने साधलं, आणि फळीचा खर्च एकदाच.

८ जून

बुरशी. गोव्यात रेकॉर्डीचा खरा शत्रू हा आहे आणि कुठल्याही स्टिकरवर त्याचा उल्लेख नसतो.

पीव्हीसीला बुरशी खात नाही. ती खाते कव्हरचा पुठ्ठा, त्यावरची खळ, कागदी इनर (आतली पिशवी), आणि खाचेत बसलेला बोटांचा तेलकटपणा. आज एक रेकॉर्ड दिव्याच्या तिरप्या उजेडात धरली. काळ्या चकाकीवर पांढुरके कोळ्याच्या पायांसारखे फाटे, लेबलपासून बाहेर पसरत गेलेले, आणि ते फाटे नेमके कागदी इनरच्या सुरकुत्यांच्या रेषेवर. जिथे कागद चिकटून बसला तिथे बुरशी आली, जिथे हवा होती तिथे नाही. ही रेकॉर्ड १८० ग्रॅमची आहे. शेजारच्या १२५ ग्रॅमवालीवर तोच प्रकार, तेवढाच.

धुतली. डिस्टिल्ड पाणी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब साबणाचे, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून उभी वाळत. एक ताकीद लाल शाईत लिहून मोरीच्या वर चिकटवली आहे: ७८ला अल्कोहोल लावायचं नाही. ती लाखेची, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाल्याला विचारा.

कव्हरांवरच्या जुन्या जाड पीव्हीसीच्या पिशव्या काढून टाकायला सुरुवात केली. त्यातला मऊपणा आणणारा द्रव कालांतराने बाहेर येतो आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतो. पॉलिथिनच्या इनर आणि पॉलिप्रॉपिलिनची बाहेरची पिशवी, वरची बाजू उघडी. त्यात हवा खेळते.

डीह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राची, मागणी समितीकडे दिली. आर्द्रता साठच्या खाली राहिली की बुरशीचा जोर मोडतो. मी पन्नास-पंचावन्नवर लावणार.

१५ जून

बघायला न देता ऐकायची चाचणी. यासाठी जोडी मिळणं कठीण होतं, कारण जड आणि हलकी घेतली तर बहुधा कोरणाराच वेगळा निघतो आणि मग तुलना कशाची कशाशी? सुदैवाने एका लेबलने आधी साधी आणि मग तोच स्टँपर वापरून जड काढलेली अशी जोडी एका स्नेह्यांकडे होती. शेवटच्या मोकळ्या पट्टीत कोरलेले क्रमांक भिंगातून जुळवून घेतले. दोन्ही धुतल्या. आर्मची उंची प्रत्येक वेळी लावली, म्हणजे नंतर कुणी बोट ठेवायला नको.

ऐकायला खजिनदार, कार्यवाहबाई, वाचनालयातली दोन कॉलेजची मुलं आणि आमचे पेटीमास्तर. सगळे यंत्राकडे पाठ करून. लावायला मी नाही, शिपाईदादा. त्यांना कुठली जड हे ठाऊक असलं तरी तोंड बंद ठेवायचं. कौल निम्मा इकडे, निम्मा तिकडे. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. खजिनदार हसून म्हणाले, "पण हातात घेतल्यावर बरं वाटतं." हे मात्र शंभर टक्के खरं. जड रेकॉर्ड हातात घेतली की बरं वाटतं. त्याचेच पैसे आहेत ते, आणि ज्याला द्यायचेत त्याने द्यावेत. वाचनालयाच्या वर्गणीतून नकोत.

चाचणी संपली आणि खरी बातमी त्यानंतर आली. चहा होईपर्यंत मी एक ख्यालाची रेकॉर्ड लावली, १८० ग्रॅमचा सोनेरी स्टिकर, नमुन्यादाखल मागवलेली. पेटीमास्तर कप खाली ठेवून म्हणाले, "षड्ज हलतोय." कुणालाच काही कळलं नव्हतं. तानपुऱ्याकडे कान दिल्यावर कळलं. दर दोन सेकंदांनी किंचित वर, किंचित खाली, जसं कुणी तानपुऱ्याची खुंटी हळूहळू पिळतंय आणि सोडतंय. पहिल्या बाजूला नाही, दुसऱ्याच बाजूला.

१७ जून

षड्जाचा छडा. टोनआर्मवर समोरून टॉर्च धरला आणि मागच्या भिंतीवर पांढरा कागद लावला. दुसऱ्या बाजूला आर्म प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे झुलतो. पिनेपाशी झोका सुमारे एक मिलिमीटरचा, म्हणजे खाचांचं केंद्र भोकापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा, पेटीमास्तरांचा अंदाज बरोबर.

हिशेब केला. केंद्रापासून १०० मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा टक्का, स्वरात मोजलं तर जवळपास ९ सेंट वर आणि ९ सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). शेवटच्या खाचांपाशी, ६० मिलिमीटरवर, तेच १४ सेंट वर, १४ खाली. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतीचं एक ठरलेलं माप, साधारण २२ सेंटची. म्हणजे बाजू संपता संपता षड्ज या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्रुतीहूनही जास्त फिरतो. ड्रमवर चालणाऱ्या गाण्यात हे खपून जातं. पियानोत आणि तानपुऱ्यात खपत नाही, आणि आमच्या खोलीत निम्मं संगीत तानपुऱ्याचं.

एकाच बाजूला दोष असला की समजावं, त्या बाजूच्या स्टँपरला मधलं भोक पाडताना ते सरकलं. म्हणजे त्या स्टँपरवर छापलेली प्रत्येक प्रत तशीच. दुकानदाराने भलेपणाने बदलून दिली. दुसरी प्रतही तशीच निघाली. भोक आणि स्पिंडल यांत जेमतेम दशांश मिलिमीटरची फट, सरकवून तरी किती सरकवणार. नाकामिचीने १९८१च्या सुमारास टीएक्स-१००० नावाचं यंत्र काढलं होतं, ते रेकॉर्डचं केंद्र स्वतः शोधून जागेवर आणायचं. आपल्या वाट्याला ते यायचं नाही.

१९१ ग्रॅम भरलेली ती रेकॉर्ड हीच. सगळ्यांत जड.

२९ जून

पेटीमास्तर आता रोज येतात. नव्या आलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंची शेवटची दोन मिनिटं आधी ऐकतात. हे काम माझ्या कुठल्याही मायक्रोमीटरपेक्षा उपयोगाचं आहे.

१३ जुलै

मग पैसे कशासाठी मोजायचे? गेल्या काही आठवड्यांत ऐकून आणि वाचून माझं मत पक्कं झालं ते असं.

पहिलं बाजूची लांबी. पिनेखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या कडेला फक्त २१. तेवढ्याच गाण्याला आत निम्म्याहून कमी जागा. म्हणून तार सप्तकातला 'स' आणि शेवटची द्रुत तान तिथे चरचरते. शिवाय तीस मिनिटं एका बाजूला कोंबायची तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आवाज हळू कोरावा लागतो, आणि तो वर चढवला की खरखरही चढते. वीस मिनिटांच्या आसपासची बाजू असली की कोरणाऱ्याला मोकळीक मिळते. कव्हरच्या मागे वेळ छापलेली असते. ती वाचायची.

दुसरं, ४५ फेऱ्यांची पुनर्मुद्रणं. एकाच अल्बमच्या दोन रेकॉर्डी करून ४५ वर कोरतात. वेग ३५ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज खरोखर खुलतो. या आवृत्त्या जवळपास नेहमी १८० ग्रॅमच्या असतात, आणि लोक श्रेय वजनाला देऊन मोकळे होतात. बऱ्याच वादांचं मूळ हे आहे. जड रेकॉर्ड चांगली वाजली हे त्यांचं ऐकणं खोटं नाही. ज्यांनी खर्च केला त्यांनी चांगली टेप शोधली, चांगला कोरणारा गाठला, छापखान्याला वेळ दिला आणि शेवटी वजनही वाढवलं. त्यातलं स्टिकरवर मावण्यासारखं तेवढं वजन होतं.

तिसरं, कशावरून कोरलं. १८० ग्रॅमच्या रेकॉर्डवर सीडीची फाईलही कोरता येते. २०२२ साली मोबाईल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या पुनर्मुद्रणांत मूळ टेप आणि लॅकर यांच्या मधे डिजिटल पायरी असल्याचं उघड झालं, तेव्हा केवढा गदारोळ उठला. माझी गंमत अशी की त्या रेकॉर्डी वाजायला उत्तमच होत्या. चिडले ते लोक सांगितलं नाही म्हणून. पण एवढं सिद्ध झालं की रेकॉर्डच्या वजनावरून किंवा किमतीवरून तिची वंशावळ कळत नाही.

२७ जुलै

डीह्युमिडिफायर आला. रात्रभरात टाकीत किती पाणी जमतं ते बघून शिपाईदादांनी कपाळाला हात लावला. आर्द्रता ५४. वास गेला.

१० ऑगस्ट

केरीच्या एका घरून ७८चा गठ्ठा आला. त्यात केसरबाई केरकर. केरी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे खोलीत जरा उत्सवाचं वातावरण. लोकांना आवर्जून सांगतो की १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, तीत बाईंची भैरवी आहे. बारा इंची तबकडी, वेग १६⅔ फेऱ्यांचा. तिचं वजन किती हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

६ सप्टेंबर

चवथीची गडबड संपली, समितीची बैठक झाली. अहवाल तोंडीच दिला, वही पुढे ठेवली. खजिनदारांनी सोनारकाकांचे आकडे दोनदा वाचले. खरेदीचा नियम असा ठरला की वजनासाठी वेगळा पैसा द्यायचा नाही. एखादी रेकॉर्ड फक्त १८०तच मिळत असेल आणि कोरणारा-छापखाना भरवशाचा असेल तर जरूर घ्यायची, नाक मुरडायचं नाही. साधी आणि जड दोन्ही मिळत असतील आणि स्टँपर एकच असेल तर साधी. बाजू पंचवीस मिनिटांच्या वर गेली असेल तर आधी दुसरी आवृत्ती शोधायची. आल्या आल्या पेटीमास्तरांच्या कानाखालून, आणि परत करायची मुदत संपायच्या आत.

खजिनदारांनी एक दुरुस्ती सुचवली, मी आनंदाने मान्य केली: जी रेकॉर्ड लोक घरी न्यायला मागतील तिची जड आवृत्ती असल्यास ती ठेवावी. दहा हातांतून जाणारी, पिशवीत कशीही टेकणारी रेकॉर्ड दुप्पट ताठ असलेली बरी. हा विचार मला सुचला नव्हता.

१३ सप्टेंबर

पहिली मागणी गेली. यादीतल्या तीन १८०च्या निघाल्या, कारण त्या दुसऱ्या वजनात येतच नाहीत. मेस्ताच्या हुकुमावरून त्या खालच्या खणात बसतील. वजनावरचे जे पैसे वाचले त्यात एक जादा व्हीएम९५ईची पिन आणि शंभर इनर आले. ७८साठी वेगळी पिन लागते, एलपीच्या पिनेच्या जवळपास चौपट जाड, तीही मागवली. पेटीमास्तरांनी केरीच्या गठ्ठ्यावर आधीच हक्क सांगून ठेवला आहे. पिन येईपर्यंत त्या रेकॉर्डी नुसत्या कोरड्या ब्रशने पुसायच्या, आणि मोरीवरची लाल शाईतली ताकीद सगळ्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवायची.